नवकर्मिक आणि ॲजाइल मार्गदर्शक : भाजे येथील लेण्यांच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

मळवली स्थानकावर उतरून दक्षिणेस भाजे गावाची वाट धरली, म्हणजे विसापूरच्या डोंगराच्या उतारावर कोरलेली लेणी थोड्याच वेळात दृष्टीस पडतात. या समूहात लहानमोठी मिळून २२ लेणी मोजण्याचा प्रघात आहे. त्यांतील चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातील असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. शिल्पकला, बौद्ध धर्माचा प्रसार आणि घाटमार्गांवरील व्यापार या तीन दृष्टींनी या लेण्यांचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे. प्रस्तुत लेखात एका चौथ्या दृष्टीने त्यांकडे पाहावयाचे योजिले आहे. जे काम एका टोळीच्या हातून होण्यासारखे नव्हते आणि ज्यावर एका कारागिराची नजर पुरणारी नव्हती, ते अनेक हातांचे काम एकसूत्री कसे राहिले? त्यास वाट दाखविणारा कोण होता, आणि त्याचा अधिकार किती होता?

हा प्रश्न केवळ पुराणवस्तुसंशोधनाचा नाही. मावळापासून फार दूर नसलेल्या हिंजवडी येथे सॉफ्टवेअर रचण्याचे जे मोठे उद्योग उभे राहिले आहेत, त्यांतही शेकडो माणसे लहान लहान गटांत वाटली जाऊन एकच प्रणाली घडवीत असतात. अशा गटांना कामाची रीत शिकविण्यासाठी ‘ॲजाइल कोच’ या नावाचा मार्गदर्शक नेमण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाली असून त्याच्या अडचणींवर आता स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले आहे. ते वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्यास एका जुन्या पदाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ते पद म्हणजे बौद्ध विनयातील ‘नवकम्मिक’, संस्कृत रूपाने ‘नवकर्मिक’. दोन हजार वर्षांचे अंतर असलेल्या दोन पदांची तुलना करताना सावधगिरी बाळगली पाहिजे, हे उघड आहे. एक पद दुसऱ्यापासून निघाले, असे येथे म्हणावयाचे नाही. सारख्या अडचणीतून सारख्या मर्यादा सुचतात काय, एवढेच पाहावयाचे आहे.

२. लेण्यांतील पुरावा

भाजे येथील चैत्यगृह सुमारे १८ मीटर लांबीचे आहे. त्याचे २७ अष्टकोनी खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबास असा कल देण्याची काहीच गरज नसते. लाकडी इमारतीत छताचा रेटा सहन करण्यासाठी तो आवश्यक असतो. याचा अर्थ असा की, कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्यगृहाचा नमुना होता. छताला बसविलेल्या लाकडी फासळ्या आजही दिसतात. त्यांवर कोरलेली ब्राह्मी अक्षरे म. न. देशपांडे यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा हे लाकूडकाम मूळचेच असल्याविषयीचा संशय फिटला. दर्शनी भागही मुळात लाकडाचा होता, हे त्यासाठी खडकात पाडलेल्या खाचांवरून दिसते. तेव्हा या एका वास्तूवर पाथरवट आणि सुतार असे किमान दोन निरनिराळ्या धंद्यांचे लोक राबले, आणि त्यांच्या कामाची मापे परस्परांशी जुळावी लागली, हे निश्चित होय.

लेखांत मात्र ही माणसे आढळत नाहीत. भोगवतीचा नाय, कोण्या नांगरधाऱ्याची पत्नी बाधा, पाण्याची पोढी देणारा महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत अशी दात्यांची नावे भाजे येथे वाचावयास मिळतात. बाजूच्या १४ स्तूपांपैकी काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी स्थविरांची नावे आहेत. देणारे कळतात आणि पूज्य कळतात; घडविणारे व त्यांना मार्ग दाखविणारे कळत नाहीत.

ही उणीव आसपासच्या लेण्यांवरून काही अंशी भरून काढता येते. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे कण्ह याचा अंतेवासी बालक याने काम केल्याची नोंद आहे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. इंद्रायणीच्या पलीकडे कार्ले येथे धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने चैत्यगृहाचे द्वार केल्याचे लिहिले आहे. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेख याहून महत्त्वाचा आहे. ते चैत्यगृह दोन व्यापारी बंधूंचे दान होय. परंतु तेथे दात्यांबरोबरच पाथरवट व घोटाई करणारे यांचा उल्लेख असून, ‘नवकमिक’ म्हणून एका प्रव्रजिताचाही निर्देश आहे. दाता, कारागीर आणि या दोहोंच्या मधला भिक्षू अशी ही तिहेरी रचना तेथे एकाच लेखात स्पष्ट दिसते. भाजे येथील प्रसिद्ध लेखांत हा शब्द येत नाही, हे नमूद करणे अवश्य आहे. तथापि एवढी गुंतागुंतीची वास्तू अशा कोणा मध्यस्थाशिवाय उभी राहिली असेल, असे मानणे कठीण आहे.

३. शिंप्याची भिंत

नवकर्मिकाचे पद कशासाठी निर्माण झाले, याविषयी पाली विनयातील चुल्लवग्गात एक कथा दिली आहे. वैशाली येथे भिक्षू बांधकामांवर देखरेख करीत असत, आणि जे दाते त्यांना चीवर, अन्न, औषध पुरवीत, त्यांना ते मनापासून सल्ला देत. हे पाहून एका गरीब शिंप्याच्या मनात आले की, आपणही एक विहार बांधावा. त्याने स्वतः चिखल तुडविला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु त्यास ते काम येत नव्हते. भिंत वाकडी गेली आणि कोसळली. त्याने दुसऱ्यांदा बांधली, तिसऱ्यांदा बांधली; दोन्ही वेळा तेच झाले. तेव्हा तो चिडून म्हणू लागला की, जे दान देतात त्यांनाच हे श्रमण शिकवितात. मी गरीब, म्हणून मला कोणी सांगत नाही व माझ्या कामावर कोणी लक्ष ठेवीत नाही. ही तक्रार बुद्धाच्या कानी गेली, आणि नवकर्म सोपवून देण्याची अनुज्ञा त्या प्रसंगी मिळाली, असे हा ग्रंथ सांगतो.

कथेचा ऐतिहासिक खरेपणा तपासणे येथे शक्य नाही व त्याची आवश्यकताही नाही. संघाने आपल्या एका पदाचे मूळ कशात पाहिले, हे महत्त्वाचे आहे. शिंप्याजवळ श्रद्धा होती, श्रम करण्याची तयारी होती आणि त्याने तीन वेळा प्रयत्नही केला. उणीव होती ती जाणत्या माणसाच्या सोबतीची. आणि ती सोबत गरजेप्रमाणे न मिळता ऐपतीप्रमाणे मिळत होती. नवकर्मिकाची कर्तव्येही याच कथेला धरून दोनच सांगितली आहेत. विहार लवकर पुरा कसा होईल याची त्याने खटपट करावी, आणि जे मोडले वा फुटले असेल ते दुरुस्त करावे. आज्ञा करणे अथवा कारागिरांस शिक्षा करणे यांचा त्यांत समावेश नाही.

नेमणुकीची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या भिक्षूकडे काम द्यावयाचे, त्यास प्रथम विनंती करावयाची. तो राजी झाल्यावर संघापुढे प्रस्ताव मांडून संमती घ्यावयाची. अमुक गृहस्थाच्या विहाराचे नवकर्म अमुक भिक्षूकडे, असा त्यात स्पष्ट उच्चार असे. म्हणजे काम कोणते, कोणासाठी आणि कोणाकडे, हे तिन्ही सर्वांना ठाऊक होई.

४. पदाच्या मर्यादा

पद निर्माण झाले की त्याचा गैरवापरही सुरू होतो. नवकर्मिकास त्या विहारात चांगले निवासस्थान मिळे, म्हणून हे पद हवेसे वाटू लागले. आळवी येथील भिक्षू नुसते मातीचे गोळे ठेवणे, भिंत लिंपणे, दार बसविणे, पांढरा रंग देणे अशा किरकोळ कामांनाही नवकर्म म्हणू लागले. वीस वर्षांसाठी, तीस वर्षांसाठी, इतकेच काय, जन्मभरासाठीही ते देऊ लागले, असे चुल्लवग्गात म्हटले आहे. त्यावर जे नियम झाले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग होत.

पहिला नियम कामाच्या स्वरूपाविषयी आहे. जे बांधलेच नाही अथवा अपुरे राहिले आहे, त्याचेच नवकर्म द्यावे. दुसरा मुदतीविषयी आहे. काम पाहून लहान विहारास ५ ते ६ वर्षे, मध्यम प्रकारच्या वास्तूस ७ ते ८ वर्षे आणि मोठ्या विहारास वा प्रासादास १० ते १२ वर्षे अशी मुदत ठरविली आहे. तिसरा आवाक्याविषयी आहे. एका भिक्षूकडे दोन कामे देऊ नयेत. चौथा स्थळाविषयी आहे. जो सीमेच्या बाहेर राहतो, त्याच्याकडे काम सोपवू नये. पाचवा उत्तराधिकाराविषयी आहे. काम घेतलेला भिक्षू मध्येच निघून गेला अथवा मरण पावला, तर संघाची हानी होऊ नये म्हणून ते दुसऱ्याकडे द्यावे.

पाली विनय हा एका विशिष्ट निकायाचा ग्रंथ आहे. कार्ले येथे महासांघिकांचा व कान्हेरी येथे भद्रायणीयांचा उल्लेख येतो. तेव्हा हेच नियम या डोंगरांत जसेच्या तसे पाळले जात, असे म्हणता येणार नाही. परंतु हे पद अनेक निकायांच्या वाङ्मयात आढळते, आणि जोनाथन सिल्क यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भिक्षूंच्या व्यवस्थापकीय पदांवरील ग्रंथात त्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. पदाची कल्पना सर्वसाधारण होती, एवढे गृहीत धरण्यास हरकत नाही.

५. ॲजाइल पद्धती व तिच्या मार्गदर्शकाच्या अडचणी

आता आधुनिक पदाकडे वळू. सॉफ्टवेअर रचण्याची जुनी रीत अशी होती की, प्रथम सर्व गरजा लिहून काढावयाच्या, मग संपूर्ण आराखडा, मग रचना आणि अखेरीस तपासणी. चूक शेवटी कळे, आणि तोवर गरजाही बदललेल्या असत. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी नव्या वस्तू घडविणाऱ्या गटांच्या कामास रग्बीच्या खेळाची उपमा दिली. केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये ‘स्क्रम’ नावाची पद्धती जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जण एकत्र जमले व त्यांनी ‘ॲजाइल’ हे नाव धारण करणारा जाहीरनामा तयार केला. लहान गटाने फार तर एका महिन्याच्या टप्प्यात वापरण्याजोगा भाग पुरा करावा, तो दाखवावा, आपल्या रीतीचे परीक्षण करावे व पुढे जावे, असा या पद्धतीचा थोडक्यात आशय आहे.

एका गटापुरती ही रीत सोपी आहे. गट वाढले की अडचण वाढते, आणि ती गटांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढते. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच दाखविले होते की, परस्परांशी बोलावे लागणाऱ्या जोड्यांची संख्या माणसांच्या संख्येपेक्षा किती तरी झपाट्याने फुगते. ६ गटांत १५ जोड्या होतात, तर १२ गटांत ६६. म्हणूनच मोठ्या प्रमाणावरील ॲजाइल हा स्वतंत्र विषय झाला. डिकर्ट, पासिवारा व लासेनियस या फिनलंडमधील अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ५० माणसे अथवा किमान ६ गट ही अशा कामाची खालची मर्यादा मानली आहे. त्यांनी ५२ लेखांतून ४२ संस्थांचे अनुभव तपासले आणि ३५ अडचणी व २९ यशकारक गोष्टी नोंदविल्या.

या व इतर लेखनातून मार्गदर्शकाच्या ज्या अडचणी पुढे येतात, त्यांतील प्रमुख अशा. त्याच्यावर जबाबदारी असते, पण अधिकार नसतो; गट त्याचे हाताखालचे नसतात आणि वरिष्ठ त्याचे ऐकण्यास बांधलेले नसतात. अनेकदा बदल वरून लादलेला असतो, त्यामुळे लोक त्यास मनातून विरोध करतात. पद्धतीचे विधी टिकतात व हेतू निघून जातो. रोज उभ्याने घ्यावयाची छोटी सभा परस्परांस मदत करण्यासाठी असते, ती वरिष्ठांस हजेरी देण्याची सभा होऊन बसते. प्रत्येक गट पद्धतीचा आपापला अर्थ लावतो. गटाने स्वतःच्या अंदाजासाठी ठेवलेली मापे दुसऱ्या गटाशी तुलना करण्यासाठी वापरली जातात, आणि मग ती फुगविली जातात. हिशेब, भरती, विक्री ही खाती जुन्या वार्षिक रीतीने चालत राहतात व नव्या रीतीशी त्यांचा मेळ बसत नाही. शेवटची अडचण म्हणजे मार्गदर्शक थोडे आणि गट पुष्कळ, त्यामुळे एकेकाच्या वाट्यास इतके गट येतात की तो कोणाचाच राहत नाही.

६. तुलना

या अडचणी समोर ठेवून विनयातील पाच नियम पुन्हा वाचले असता त्यांचे मर्म अधिक स्पष्ट होते. सीमेबाहेर राहणाऱ्यास काम देऊ नये, या नियमामागे कामाच्या जागी असल्याखेरीज भिंत वाकडी जाते आहे हे दिसत नाही, ही साधी गोष्ट आहे. अनुभवी मार्गदर्शकही आज हेच सांगतात. गटाबरोबर बसून त्याचे काम पाहावे, केवळ व्याख्याने देऊन परत जाऊ नये. एकाकडे दोन कामे नकोत, हा नियम आज शब्दशः पाळणे कठीण असले, तरी आरंभी थोडेच गट हाती घ्यावेत आणि त्यांचा अनुभव जमेस धरून पुढे जावे, ही रीत यशस्वी संस्थांत दिसते.

किरकोळ लिंपणास नवकर्म म्हणू नये, या नियमाला तर आधुनिक पद्धतीत जवळचा प्रतिरूप नियम आहे. एकाच वस्तूवर अनेक गट काम करीत असतील, तर ‘पूर्ण’ कशास म्हणावे याची व्याख्या सर्वांनी मिळून ठरवावी व ती सर्वांना बंधनकारक असावी, असे स्क्रमचे नियम सांगतात. अपुऱ्या कामास पुरे म्हणण्याचा आणि क्षुल्लक कामास मोठे म्हणण्याचा मोह दोन्ही काळी सारखाच आहे. कामाच्या वर्णनात सत्य राखणे हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य ठरते.

मुदतीचा नियम मात्र सर्वांत बोलका आहे. ज्याचे काम शिकविणे, त्याचे पद जन्मभराचे असू शकत नाही. ते तसे झाले तर शिकणारे शिकले नाहीत, असाच त्याचा अर्थ होईल. चांगल्या ॲजाइल मार्गदर्शकाची कसोटी आज हीच मानतात की, काही काळाने गटास त्याची गरज उरू नये. यासाठी निरनिराळ्या गटांतील समान काम करणाऱ्यांची मंडळे स्थापून ज्ञान त्यांच्याकडे सोपविण्याचा उपाय उपयुक्त ठरला आहे. एरिक्सन कंपनीच्या ३ ठिकाणी विभागलेल्या ४० गटांच्या एका कामात अशा मंडळांचा कसा उपयोग झाला, याचा वृत्तान्त पासिवारा व लासेनियस यांनी २०१४ मध्ये दिला आहे. कोंडाण्याच्या लेखातील अंतेवासी येथे आठवतो. कण्ह याचे स्वतःचे काम कोणते, हे तो लेख सांगत नाही. त्याचे नाव राहिले ते त्याच्या शिष्याच्या हातून झालेल्या कामावर.

शिकण्याची ही परंपरा वास्तूंतही वाचता येते. भाजे येथे खांब कललेले आहेत व दर्शनी भाग लाकडी आहे. पुढील काळात बेडसे येथे दर्शनी भाग दगडात आला. इ.स.च्या पहिल्या शतकातील, सुमारे ३८ मीटर लांबीच्या कार्ले येथील चैत्यगृहात खांब सरळ उभे राहिले. लाकडाच्या सवयी हळूहळू टाकून दगडाचा स्वभाव ओळखण्यास कारागिरांच्या अनेक पिढ्या लागल्या. प्रत्येक लेणे मागील लेण्याचे परीक्षण होते, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

तथापि तुलनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खडकात एकदा चुकीचा घाव पडला की तो परत घेता येत नाही. लेणे वरून खाली कोरीत येतात, आणि म्हणून छताच्या वेळीच तळाचा विचार पक्का असावा लागतो. अजिंठ्याच्या २४ व २९ क्रमांकांच्या अपुऱ्या लेण्यांत ही रीत स्पष्ट दिसते. सॉफ्टवेअर उलट बदलता येते, आणि ॲजाइल पद्धतीचा सारा आधारच त्या बदलक्षमतेवर आहे. दुसरा भेद याहून खोल आहे. नवकर्मिक हा संघाचा सभासद होता. त्याची नेमणूक त्याच्या संमतीने व बरोबरीच्या लोकांच्या संमतीने होई. आजचा मार्गदर्शक पगारी असतो, कित्येकदा बाहेरून आणलेला असतो, आणि त्याची मुदत काम पाहून ठरण्याऐवजी अंदाजपत्रक पाहून ठरते. वरील आढाव्यात व्यवस्थापनाचा पाठिंबा, पद्धती आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणे आणि शिक्षण व मार्गदर्शन यांवर जो भर आहे, तो जणू या उणिवेवरचाच उतारा होय. संमती जन्मतः मिळाली नसेल, तर ती मिळवावी लागते. आणि म्हणून वरिष्ठांस आधी शिकवावे, मग गटांस, हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

७. समारोप

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. अनेक गटांच्या मोठ्या कामात मार्गदर्शकाची शक्ती त्याच्या अधिकाराच्या विस्तारात नसून त्याच्या मर्यादांच्या स्पष्टतेत असते. काम कोणते, किती काळ, कोठे राहून आणि आपल्यामागून कोण, या चार प्रश्नांची उत्तरे ठरलेली असली म्हणजे आज्ञा देण्याची सत्ता नसतानाही तो उपयोगी पडतो. ती ठरलेली नसली म्हणजे त्याचा एक तर मुकादम होतो, नाही तर पुरोहित. आणि दोन्ही प्रसंगी भिंत पडते ती शिंप्याची. आजच्या उद्योगांतही ज्या गटाकडे पैसा व वजन आहे त्यास उत्तम मार्गदर्शक मिळतो, आणि जो गट खरोखर अडखळतो आहे त्यास तीन वेळा पडूनही कोणी मिळत नाही, असे होत असेल तर ती जुनी तक्रार अद्याप मिटलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे संशोधनास बराच वाव आहे. भाजे, बेडसे व कार्ले येथील अपुरे राहिलेले भाग, छिन्नीच्या खुणांतील फरक, लाकूडकामासाठी पाडलेल्या खाचांची मापे आणि एकाच लेण्यातील निरनिराळ्या हातांच्या खुणा यांची पद्धतशीर नोंद झाली, तर कामाची विभागणी कशी होती याविषयी लेखांनी न सांगितलेले पुष्कळ काही कळू शकेल. दात्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. ज्यांनी मापे जुळविली, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्या खाचांतूनच जातो.